सात नंबरच्या कोनाड्यातली वीट

१८ फेब्रुवारी

टिल्लू,

साहेबांनी बजावलंय, पत्राच्या वर 'आदरणीय भंते' लिहा. मी दोनदा लिहून बघितलं आणि दोन्ही कागद चुरगाळून टाकले. ज्याचं नाक माझ्या फ्रॉकला पुसलं त्याला आदरणीय म्हणायला हात वळत नाही. तेव्हा टिल्लू तर टिल्लू. तिथे तुझी पत्रं कोणी उघडून वाचत असेल तर सांग त्याला, मोठी बहीण आहे, तिला पोच नाही.

सहा वर्षांनी लिहितेय. बाबा गेल्याचं कळवलं ते शेवटचं. त्यावर तुझं एक कार्ड आलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही, ते मुद्दामच. आताही आपण होऊन लिहीत नाहीये. कामाचं आहे.

तुमच्या विहाराकडून आमच्या ऑफिसला पत्र आलंय. तुमचं नवं सभागृह पूर्ण होत आलंय आणि त्यात ठेवायला सात नंबरच्या खोलीतली, कोनाड्यातली, हात उमटलेली वीट हवी आहे. आठशे वर्षांपूर्वी इथल्या भिक्खूंनी तिकडे येऊन तुमच्या लोकांना दीक्षा दिली, तुमची सगळी परंपरा या जुन्या राजधानीतून निघाली, म्हणून इथली एक खूण तिथे असावी, असं काय काय लिहिलंय. वरच्या ऑफिसने लगेच मान्यता दिली. वीट न्यायला तू येणार आहेस असंही त्यात आहे. अठ्ठावीस वर्षांत बहिणीसाठी आला नाहीस, विटेसाठी येतोयस. असो.

तर वीट उतरवायचं काम माझ्याकडे आलंय. बाबांनंतर दुरुस्तीची मुकादम मीच ना. त्यासाठी एक कागद आहे. 'ही वीट मूळ बांधकामातली असून प्राचीन आहे' असं एक वाक्य, आणि त्याखाली उतरवणाऱ्याची सही. आज तिसरा दिवस, कागद माझ्या टेबलावर पडलाय. उडू नये म्हणून वर बाबांची थापी ठेवलीय. सही मी केलेली नाही. मला ती करता येत नाही, आणि का येत नाही हे एकोणपन्नास वर्षांत मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच नाही.

पण आज तेही नको. आज दिवसभर राजवाड्याच्या जोत्यावर उन्हात उभी होते, एका कोपऱ्यात झुडपाची मुळं शिरलीयत. गुडघे बोलायला लागलेत. वर्षअखेरीला निवृत्त होतेय, ऑफिसातले आत्ताच विचारतात, बाई, पुढे काय करणार? मी म्हणते, बसणार.

तू येणार ते कधी, एवढं कळव. घरात तुझी खाट अजून आहे. तिच्यावर सध्या जुनी वर्तमानपत्रं आहेत, ती हलवावी लागतील.

— ताई


९ मार्च

टिल्लू,

तुझं उत्तर मिळालं. पाच ओळी, त्यातल्या दोन हवामानावर. तू बोलायला लागलास तेव्हा थांबायचं नाव घेत नव्हतास, आता शब्द मोजून देतोस. बरं, सोबत ती छापील पुस्तिकाही मिळाली. तुझ्या प्रवचनाची. फोटोत बारीक झाला आहेस. कान बाबांचेच.

वाचली मी ती. जेवणाच्या सुट्टीत, सात नंबरच्याच ओट्यावर बसून. 'मी चार वर्षांचा असताना एका पडक्या विहारातल्या कोनाड्यात माझ्या हाताखाली दुसरा एक हात आला. दीड हजार वर्षांपूर्वी माझ्यासारख्याच एका मुलाने, एका छोट्या श्रामणेराने, ओल्या विटेवर ठेवलेला. त्या हाताने मला बोलावलं आणि मी गेलो.' छान लिहिलंयस. समोरच्या बाकावरच्या एका बाईला मी वाचून दाखवलं तर तिचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. मी डबा बंद केला आणि कामाला लागले.

इथलं सांगते. तुझ्या वेळचं काही उरलेलं नाही. राजाचा रस्ता आता टायरवाल्यांचा रस्ता झालाय. या गावाचं जुनं नाव तुम्ही रोज सकाळी प्रार्थनेत घेता असं पुस्तिकेत वाचलं. इथे ते नाव एकाच पाटीवर आहे, पंक्चरच्या दुकानावर. पण सात नंबरला गर्दी असते. तुझ्या हाताने, म्हणजे त्या हाताने, गावाला जगवलंय. लोक दारातून वाकून आत शिरतात, कोनाड्यात डोकावतात आणि पुटपुटत बाहेर येतात. आमचा गाईड रोज चार वेळा तेच म्हणतो, 'बालश्रामणेर, वय अंदाजे दहा.' मी बाहेर चुना मळत असते. मनात म्हणते, आठ वर्षं चार महिने.

हे वाक्य खोडावं का? राहू दे.

आणि करंगळी. विटेवरच्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी आहे, तुला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी एक संशोधक बाई येऊन गेल्या, त्यांनी त्या एका करंगळीवर अठरा पानं लिहिली. म्हणे ती त्यागाची मुद्रा आहे, राजवाड्याकडे पाठ फिरवून संघात आलेल्याची. मला त्यांनी चहा पाजला, माझ्याकडून खोलीची मापं घेतली. मी माझ्या वाकड्या करंगळीने टेप धरून त्यांना मापं सांगितली. बाई हुशार होत्या, पण माप घेणाऱ्याचा हात कोण बघतं?

तू तरी कुठे बघितलास.

आणखी एक विचारायचंय, चार वर्षं गळ्याशी आहे. बाबा आजारी असल्याचं मी कळवलं तेव्हा तू लिहिलंस, वर्षावास चालू आहे, तीन महिने विहार सोडता येत नाही. मी मान्य केलं. शेजाऱ्यांना मीच समजावून सांगितलं, त्यांचा नियमच असतो हो. मग दोन वर्षांनी इथल्या संग्रहालयात नवे फलक लावायचे होते. 'भिक्खूंचे नियम' असा एक मोठा फलक. खिळे मी ठोकले. ठोकता ठोकता वाचलं : आईवडील आजारी असतील तर भिक्खूला वर्षावासातही सात दिवस बाहेर राहता येतं. सात दिवस, टिल्लू. बाबा अंथरुणावर अकरा दिवस होते.

फलक सरळ लागलाय ना म्हणून खालून साहेब विचारत होते. मी म्हटलं, हो, सरळ आहे.

— ताई


२३ मार्च

टिल्लू,

साहेब आज पुन्हा कागदाचं विचारून गेले. वरून फोन येतायत. तेव्हा आता सांगूनच टाकते. उभ्याने वाचत असशील तर बस.

तो हात माझा आहे.

तू एकवीस दिवसांचा होतास. आई जाऊनही एकवीसच दिवस झाले होते, तुझे आणि तिच्या जाण्याचे दिवस आम्ही एकदमच मोजायचो. त्या वर्षीच्या वादळात विहाराच्या रांगेवर झाड पडलं आणि सात नंबरची आतली भिंत कोनाड्यासकट खाली आली. साहेब तेव्हाचे, तुला आठवायचे नाहीत. त्यांनी बाबांना सांगितलं, जुन्या मापाच्या विटा पाडा आणि भिंत उभी करा. राजाच्या वेळच्या विटा केवढ्या, तुला माहीत आहे, एक उचलायला दोन हात लागतात. नदीकाठची तीच माती, तीच भट्टी. फरक एवढाच की प्रत्येक नव्या विटेवर, दिसणाऱ्या बाजूला, मधोमध, सालाचा ठसा मारायचा. म्हणजे पुढे कोणाची फसगत होऊ नये. तो नियम बाबांना पाठ होता. एरवी ठसा जरा तिरका बसला तरी ते वीट मोडून माती पुन्हा मळायचे.

मी दुपारी डबा घेऊन गेले. तू माझ्या खांद्यावर. विटा ओळीने ओल्या पडल्या होत्या, बाबा एका टोकाकडून ठसे मारत येत होते. मी तुला सावलीत गोणपाटावर ठेवलं आणि उठताना माझा तोल गेला. हात टेकला तो नेमका विटेवर. पाच बोटं, पूर्ण तळवा, आणि ती करंगळी, अवजारांच्या खोलीच्या दारात सापडून वाकडी झालेली. त्यागाची मुद्रा म्हणे.

मला वाटलं आता बोलणी बसणार. बाबा आले, विटेसमोर उकिडवे बसले. ठशाची जागा तिथेच, माझ्या तळव्याच्या मधोमध. ती वीट मोडायला हवी होती. त्यांनी हात उचलला, मातीत घालायला. पण घातला नाही. मग म्हणाले, "राहू दे. घरात आता हीच एक बाईमाणूस." आणि ठसा न मारता पुढच्या विटेकडे गेले.

ती वीट त्यांनी कोनाड्याच्या तळाला बसवली, हाताची बाजू वर ठेवून. तिथे कोण बघणार होतं? चार वर्षं कोणी बघितलंही नाही. तूच पहिला. रांगायला लागल्यापासून सगळ्या खोल्या तुझ्याच होत्या, आणि एक दिवस कोनाड्यात हात घालून ओरडलास, "इथे कोणीतरी आहे!" त्याच महिन्यात ते प्राध्यापक आले, तुझ्या मागे मागे आत शिरले आणि वाकून बघत राहिले. मग फोटो, मग लेख, मग वर्तमानपत्रात चित्र. बाबांना कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मोठ्या माणसाने छापल्यावर गवंड्याने तोंड उघडायचं कसं? आणि उघडलं असतं तर नियम मोडला म्हणून नोकरी गेली असती. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "आता तोंडाला कुलूप. आपण दोघं जण, तिसरा नाही."

तिसरा तू होतास.

तू नऊ वर्षांचा झालास तेव्हा तुझा हात त्यात चपखल बसला आणि तू आठवडाभर जमिनीवर पाय ठेवत नव्हतास. एकविसाव्या वर्षी जेवता जेवता सांगितलंस, मी जातोय, तो हात मला बोलावतोय. मी ताटावरून उठले आणि म्हणाले, कसला हात? तू म्हणालास, "ताई, तुला विटांच्या पलीकडे काही दिसत नाही." बाबा माझ्याकडे बघत होते. मी खाली बसले आणि तुला वाढलं.

का गप्प बसले, हे स्वतःला अठ्ठावीस वर्षं विचारतेय. बाबांसाठी, असं सांगत आले. ते अर्धंच खरं. सांगितलं असतं तर तू राहिला असतास, आणि राहिला असतास तर जन्मभर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं असतंस की हिने माझं आकाश काढून घेतलं. मला ते सोसलं नसतं. आणि अजून एक. मला राग आला होता. मी तुला बाटलीने दूध पाजलं, माझा हात धरून तू चालायला शिकलास, माझ्या हातून जेवलास, त्याच हाताची वाकडी करंगळी रोज डोळ्यांसमोर, आणि विटेत तीच दिसल्यावर तुला तो दीड हजार वर्षांपूर्वीचा कोणी परका मुलगा वाटला. म्हटलं, जा मग त्याच्याकडे.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, टिल्लूला विटेचं लिहू का? ते म्हणाले, "तू नको. तो आला की मी दाखवीन. मीच दाखवायला पाहिजे." दारावर कोणाचं पाऊल वाजलं की मान वळवायचे.

लिहून झालं. हलकं वगैरे काही वाटत नाहीये, उगीच का सांगू. पाठ दुखतेय.

— ताई


५ मे

टिल्लू,

सहा आठवडे तुझी वाट बघितली. पोस्टमनही विचारायला लागला होता. काल तुझं पत्र आलं, तीन पानं. तीन पानं तू मला उभ्या जन्मात लिहिली नव्हतीस.

पहिली अडीच पानं सभागृहाची. विटेसाठी दगडी चौथरा तयार आहे. काच बसवली आहे. तीनशे माणसं येणार, तुमचे वृद्ध स्थविर खाटेवरून उठून येणार, त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी, त्यांना मरण्याआधी तो हात बघायचाय. मग लिहितोस, "हात कोणाचा यापेक्षा त्यातून काय उगवलं ते महत्त्वाचं. ताई, लोकांची श्रद्धा खोटी नाही. तू सही कर."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग चहा केला, मग परत वाचलं. मला वाटलं होतं तू रागावशील, रडशील, निदान खोटं म्हणशील. सही कर म्हणशील असं वाटलं नव्हतं. तुम्हा लोकांचा खोटं न बोलण्याचा नियम आहे ना? तोही मीच लावलाय, सात दिवसांच्या फलकाच्या शेजारी.

आता माझं ऐक. बाबांनी आयुष्यात एक वीट ठशाशिवाय बसवली असेल आणि ती त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिली. मी पस्तीस वर्षं इथे विटा पाडतेय. प्रत्येक विटेवर ठसा आहे. ऊन, सर्दी, ताप, कधी एक चुकली नाही. कारण आपल्या कामात बाकी काही आपलं नसतंच. भिंत राजाची, खोली भिक्खूंची, नाव प्राध्यापकांचं. आपला तेवढा ठसा, की बाबा रे, हे आत्ताचं आहे, याला जुनं समजू नकोस. तू मला तेवढंही पुसायला सांगतोस. आणि कोणासाठी, तर माझाच हात काचेत ठेवून त्याच्यापुढे तीनशे माणसांना बसवायला. मला लाज वाटली, टिल्लू. आधी माझी, मग तुझी.

तुझ्या स्थविरांचं वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला जाताना खोटं दाखवायचं, हे तुला कोणी शिकवलं?

पत्राच्या अगदी तळाशी, सहीच्याही खाली, एक ओळ आहे. "सात दिवसांचं मला तेव्हाही माहीत होतं." एवढंच. पुढे काही नाही. घाबरला होतास का? आलास तर परत जाता येणार नाही असं वाटलं का? लिहायचं तरी. पण ठीक आहे. तू एक लपवलंस, मी एक लपवलं. फिट्टंफाट.

उद्या साहेबांशी बोलते. सही करणार नाही.

— ताई


२२ मे

टिल्लू,

साहेबांना सांगितलं. आधी त्यांनी दार लावलं. मग पाणी प्यायले. मग म्हणाले, "बाई, निवृत्तीला सात महिने राहिले होते हो, एवढं गप्प बसला होतात तर अजून सात महिने बसवलं नाही का?" मी म्हटलं, बसवलं असतं, पण सही माझी मागताय. मग म्हणाले, पुरावा काय? मी टेबलावर हात ठेवला. त्यांनी भिंतीवरच्या विटेच्या फोटोकडे बघितलं, माझ्या करंगळीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. नऊ वर्षं रोज याच हातून ते चहाचा कप घेतायत. कपाळाला हात लावून म्हणाले, "करंगळीवर पुरावा होत नाही. वीट काढून बघू. बाकीच्या बाजू तपासू, मग वर कळवू."

काल सकाळी काढली. खोली बंद ठेवली होती, गाईड फुरंगटून झाडाखाली बसला होता. मी, साहेब आणि त्यांची वही. साहेब उंच, दारात डोकं आपटलं त्यांनी, रोज आपटतात. मी छिन्नी लावली. बाबांचा चुना, सुटता सुटेना. पाऊण तास गेला. मनात म्हणत होते, बाबा, बसवलीत पण काय घट्ट.

वीट सुटली. मी ती दोन्ही हातांनी बाहेर घेतली, मांडीवर ठेवली आणि ब्रशने झाडायला म्हणून उलटी केली.

मागे ठसा होता.

साल, स्वच्छ, सरळ, मधोमध नव्हे तर डावीकडे. बाबांनी ठसा मारला होता, टिल्लू. पाडल्यावर दुसऱ्या दिवशी विटा उलटतात, मागची बाजू तेव्हा अजून जरा ओली असते. त्यांनी तेव्हा मारला. दिसणाऱ्या बाजूला नाही, म्हणजे नियम मोडलाच, पण मारला. मी एकोणपन्नास वर्षं त्यांना मनातल्या मनात खोटं ठरवत आले.

आणि ठसा डावीकडे का, तर उजवीकडे जागा लागली होती. तिथे एक पाऊल आहे. माझ्या मधल्या बोटाएवढं. पाच बोटं, त्यातला अंगठा वर उचललेला, दूध पिताना तू उचलायचास तसा. टाचेशेजारी मोठ्या माणसाच्या अंगठ्याची खूण आहे, पाय दाबून धरलेला असणार. तो दुसरा दिवस मला आठवतोय. डबा देऊन मी पाणी आणायला गेले होते आणि परत आले तर बाबा तुझा पाय पंच्याने पुसत होते. मी म्हटलं, काय झालं? ते म्हणाले, "काही नाही, माती लागली."

साहेब वाकले. म्हणाले, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "साहेब, हे भंतेजी."

मग मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हमसून आलं. बाबा गेले तेव्हाही आलं नव्हतं, तेव्हा कामं फार होती. साहेब बिचारे वहीत काहीतरी लिहीत बसले. काय लिहीत होते ते मी नंतर बघितलं, लांबी रुंदी लिहिली होती, दोनदा.

मीच दाखवायला पाहिजे, म्हणत होते ना ते. मी समजले होते, हाताबद्दल बोलतायत.

आज वरून उत्तर आलं. वीट दुरुस्तीतली, देण्याजोगी नाही, जागेवर परत बसवावी. साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि घसा खाकरून वाचलं, "सालाचा ठसा दर्शनी बाजूस असावा." माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मग उलटी बसवायला हवी. ते म्हणाले, नियम आहे. शिवाय सहीसाठी नवीन कागद आला, 'ही वीट दुरुस्तीतली आहे' असा. त्यावर मी सही केली, पूर्ण नाव, तारखेसकट.

दुपारी बसवली. खाली ओला चुना पसरला, वीट टेकवली, हळूहळू दाबली. माझ्या हाताच्या खळग्यात चुना भरत गेला असणार, पाचही बोटांत. तू वर आलास. हे काही नवीन नाही, तुला कडेवर घेऊन मी या खोल्यांमधून किती फिरलेय. गाईड विचारत होता, आता मी लोकांना काय सांगू? मी म्हटलं, गवंड्याचा मुलगा, वय बावीस दिवस. त्याचा विश्वास बसेना.

सोबत कागद पाठवतेय, विटेवर ठेवून पेन्सिल घासून घेतलाय. ठसा आणि पाऊल दोन्ही नीट उठलंय. चौथरा रिकामा राहील म्हणशील तर हा ठेव. तुझ्या स्थविरांना दाखव आणि कोणाचं पाऊल आहे ते खरं सांग. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला हसू येईल कदाचित.

आणि ये. वीट न्यायला नको, नुसता ये. वर्षावास लागायला अजून वेळ आहे, सवलतीचीही गरज नाही. खाटेवरची वर्तमानपत्रं मी हलवलीयत.

आलास की सात नंबरमध्ये एकटा जा, मी बाहेर चुना मळत असेन. पाऊल तुला आता मावणार नाही. पहिल्यासारखा हातच ठेव. खाली मी आहेच.

— ताई